कर्जाच्या कागदापुढील हिंदी : एक पाठ

आमच्या बालाघाट जिल्ह्यात कित्येक कुटुंबांत घरी मराठी आणि कचेरीत हिंदी, असा व्यवहार जुनाच आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. दोन्ही भाषांची लिपी एक, पुष्कळसे शब्दही एक. म्हणून हिंदी आपणांस येतेच, असा आपला समज असतो. धोका या समजातच आहे. अनोळखी शब्द दिसला तर माणूस विचारतो. ओळखीचा दिसला तर विचारीत नाही.

प्रथम चार फसवे शब्द पाहू.

खाली : मराठीत खालच्या बाजूस, हिंदीत रिकामे, कोरे. 'खाली कागज पर दस्तखत' म्हणजे कोऱ्या कागदावर सही. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी 'कागदाच्या खाली' असे समजून अशी सही एका सावकाराकडे केली होती. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये.

हफ्ता : मूळ फारसी 'हफ्त' म्हणजे सात. म्हणून हिंदीत हा आठवडा होय. आपल्या हप्त्याला हिंदीत 'किस्त' म्हणतात.

शिक्षा ऋण : यात दंड नाही; हे मुलांच्या शिक्षणासाठीचे कर्ज होय. नावास भिऊन परत फिरू नये.

राजीनामा : मराठीत नोकरी सोडणे, येथील न्यायालयात तडजोड. लोक अदालतीत तडजोडीवर झालेल्या निवाड्यावर अपील चालत नाही. म्हणून रक्कम व मुदत नीट वाचून मगच सही करावी.

आता विचारावयाची वाक्ये. ती मोठ्याने म्हणून पाठ करावी.

१. 'ब्याज की दर सालाना है या माहवार?' खाजगी व्यवहारात 'दो रुपये सैकड़ा' म्हणतात ते बहुधा दरमहा असते. दहा हजारांवर महिन्यास २०० व वर्षास २,४०० रुपये. म्हणजे दर साल २४ टक्के.

२. 'कुल मिलाकर कितना लौटाना होगा?' १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या वैयक्तिक व लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी बँकेने दर, शुल्क व हप्ते दाखविणारे तथ्यपत्रक कर्जदारास समजेल अशा भाषेत द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणून 'मुझे यह मराठी में समझाइए' असे म्हणण्यात संकोच नसावा.

३. 'ज़मानतदार की देनदारी कितनी होगी?' १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'नुसती सही' असे काही नसते.

४. 'मेरी शिकायत की पावती दीजिए।' तक्रार प्रथम बँकेकडे लेखी द्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेले समाधानकारक नसल्यास, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यास शुल्क नाही.

वर्गात जो मुलगा 'गुरुजी, समजले नाही' म्हणतो, तोच पुढे शिकतो, असा आमचा अनुभव आहे. बँकेच्या खिडकीपुढेही तोच नियम लागू पडतो. सही करण्यापूर्वी विचारलेला एक प्रश्न पुढची वर्षानुवर्षांची फेड वाचवितो. हा पाठ वाचकांनी घरातील वडीलधाऱ्यांस व मुलाबाळांस एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, इतकीच विनंती.