काय खावं हे सांगायला एवढं शिक्षण कशाला?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला डायटिशियन व्हायचंय. आधी पदवी, मग दोन वर्षं एम.एस्सी. आणि वर सहा महिने रुग्णालयात इंटर्नशिप, तीही बहुतेक ठिकाणी बिनपगारी, असं कळलं. मोबाइलवर तर तीन महिन्यांच्या कोर्सच्या जाहिराती येतात. पथ्यपाणी आमच्या आजीलाही ठाऊक होतं. मग एवढं शिक्षण कशाला?
– एक वाचक, तळा (रायगड)

उत्तर : आजारी माणसाला भेटायला जाताना आपण शहाळं घेऊन जातो. तापातून उठलेल्याला ते मानवतंही. पण ज्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, त्याला शहाळ्यातलं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा रुग्णाची भाजी बऱ्याचदा भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून द्यावी लागते. एरवी आपणच सांगतो की भाजीचं पाणी फेकू नका. कुठला नियम कोणाला लावायचा, हे रक्ताचा रिपोर्ट वाचून ठरवावं लागतं. आजीच्या शहाणपणाबद्दल मला आदर आहे, पण तिच्यासमोर हा रिपोर्ट नव्हता. तीन महिन्यांच्या कोर्समध्येही तो वाचायला शिकता येत नाही.

शिक्षणाची वाट अशी : बारावीला रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र पक्कं हवं. पुढे गृहविज्ञान किंवा पोषणशास्त्राची पदवी. मुंबईत निर्मला निकेतन आणि एसएनडीटी विद्यापीठाची महाविद्यालयं यासाठी जुनी आणि नावाजलेली आहेत. समजा मुलीने रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, तरी दार बंद होत नाही. दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका आहे. एम.एस्सी. आणि इंटर्नशिपनंतर इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ होता येतं. 2021 च्या केंद्रीय कायद्याने तर डायटिशियनला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली आहे. अमेरिकेतही 1 जानेवारी 2024 पासून नोंदणीच्या परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली, आणि प्रत्यक्ष कामाचे किमान हजार तास तिथे आधीपासूनच लागतात.

तुम्हाला खटकलेले ते सहा महिने मात्र माझ्या मते या सगळ्या शिक्षणाचा गाभा आहेत. वॉर्डात रुग्णाला विचारा, ‘काल दिवसभरात काय खाल्लं?’ उत्तर येतं, ‘नेहमीचंच.’ इथून शिकाऊ मुलीचं काम सुरू होतं. भाकरी तांदळाची की नाचणीची? भात किती वाट्या, आणि वाटी केवढी? महिन्याला घरात तेल किती लिटर येतं, जेवणारी माणसं किती? या शेवटच्या प्रश्नावरून माणशी तेलाचा अंदाज लागतो. ‘तेल कमीच खातो’ हे ऐकून तो लागत नाही. हे विचारणं पुस्तकातून येत नाही. अनुभवी डायटिशियनच्या मागे वॉर्डावॉर्डांतून फिरूनच येतं. नळीवाटे द्यायच्या अन्नाचा हिशेब तिथेच हातात बसतो.

चूक किती महागात पडते, तेही तिथे कळतं. अतितीव्र कुपोषित मूल दाखल झालं की आईला वाटतं, आता पोटभर खाऊ घालावं. पण त्या अवस्थेतल्या शरीराला एकदम जास्त प्रथिनं आणि मीठ झेपत नाही. मूल दगावूही शकतं. म्हणून आधी एफ-75 हे दूध थोडं थोडं, वरचेवर देतात. त्याच्या 100 मिलीमध्ये 75 कॅलरी असतात. मूल सावरलं, भूक परतली, की मग एफ-100. तो बदल कधी करायचा, हे मुलाकडे रोज पाहून ठरतं.

तुमच्या मुलीच्या जमेची मोठी बाजू म्हणजे ती तळ्याची आहे. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाही नसतं. हे आकडे ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांतून शिकेल. पण ती नाचणी घरात कशी शिजते, पावसाळ्यात ताजी मासळी नसताना खारवलेल्या मासळीवर किती दिवस निघतात, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ती सोडायला सांगताना पर्याय काय द्यायचा, हे तिला शिकवावं लागणार नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला ओट्स आणि ऑलिव्ह तेलाचा छापील तक्ता देऊन काय उपयोग? आपल्या तालुक्यांना अशा जाणत्या डायटिशियन हव्या आहेत, असं मला मनापासून वाटतं.

खर्चाची काळजी खरी आहे. मुंबईत सहा महिने राहणं-खाणं परवडायला हवं, तेव्हा त्या पैशांची तजवीज पदवीपासूनच ठेवा आणि वसतिगृहाची चौकशी आधी करा. इंटर्नशिपसाठी रुग्णालय निवडताना नावाला भुलू नका. तिथे रजिस्टर्ड डायटिशियनच्या हाताखाली काम मिळेल का, अतिदक्षता विभाग, मूत्रपिंड, मधुमेह आणि बालरोग अशा सगळ्या विभागांत पाळीपाळीने पाठवतात का, की सहा महिने स्वयंपाकघरात ताटांवर चिठ्ठ्याच लावायला सांगतात, हे आदल्या वर्षीच्या विद्यार्थिनींना विचारा.