एकहाती बॅकहँडचा पवित्रा

एकहाती बॅकहँड बिघडला की शिकणारा मनगटाकडे बघतो. बिघाड बहुतेक वेळा पायांत असतो. दोन हातांनी मारणाऱ्याला डाव्या हाताचा आधार असतो, पाय थोडे चुकले तरी त्याचं निभावतं. इथे मारणारा खांदा नेटच्या बाजूला असतो आणि चेंडू त्याच्याही पुढे गाठावा लागतो. हा फटका आता फार जणांच्या हातात राहिलेला नाही. पुरुषांची जागतिक क्रमवारी १९७३ मध्ये सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्या दहांत पहिल्यांदाच एकहाती बॅकहँडवाला कोणी नव्हता. बघून शिकावं असे खेळाडूच कमी होताहेत, म्हणून ही कृती. उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिली आहे. डावखुऱ्यांनी पाय उलटे धरावेत.

समोरच्याची रॅकेट चेंडूला लागताना जागच्या जागी छोटी उडी घ्या. चेंडू बॅकहँडला येतोय हे कळताच डाव्या हाताने रॅकेट गळ्याशी धरून मागे न्या, आणि त्याच वेळी उजव्या हाताची पकड ईस्टर्न बॅकहँडवर सरकवा. रॅकेट डाव्या हाताने मागे ओढली की खांदे आपसूक वळतात. उजवा खांदा नेटकडे हवा, पाठही समोरच्याला थोडी दिसायला हवी.

आता डावा पाय. माझ्या मते सगळा पवित्रा याच पायावर ठरतो. पाऊल डाव्या साइडलाइनकडे वळवून चेंडूच्या मागे घट्ट रोवा, गुडघा वाकवा, अंगाचा भार त्याच्यावर घ्या. इथे घाई करून उजवा पाय आधी टाकलात तर पुढे काहीच दुरुस्त करता येत नाही.

डावा पाय रोवल्यावर हाताशी वेळ आहे का ते बघा. असेल, तर उजवा पाय नेटच्या दिशेने टाका. हा सरळ पवित्रा. भार डाव्यावरून उजव्यावर येतो आणि चेंडू उजव्या पावलाच्या साधारण दीड वीत पुढे लागतो. निम्मा सराव याच पवित्र्यात करा.

चेंडू जरा लांबून जात असेल तर उजवा पाय तिरका, साइडलाइनच्या बाजूला पडेल. हा बंद पवित्रा. दुहाती फटक्यात याने कंबर अडते. एकहातीत कंबर तेवढी उघडावी लागतच नाही, म्हणून इथे तो चालतो. स्टॅन वावरिंकाने २०१५ ची फ्रेंच ओपन जिंकली त्या सामन्यातले बॅकहँड बघा, खांदे किती वळलेले असतात ते कळेल.

वेगवान सर्व्हिस अंगावर आली, किंवा पार कोपऱ्यात ओढले गेलात, तर उजवा पाय टाकायला सवडच नसते. भार डाव्या पायावर ठेवून उघड्या पवित्र्यातच मारा. पाय उघडे असले तरी खांदे मात्र पूर्ण वळलेले हवेत.

खांद्याच्या वर उसळणारा चेंडू सगळ्यांनाच छळतो. एक तर दोन पावलं मागे हटून तो खाली येऊ द्या, नाहीतर पुढे सरकून उसळतानाच गाठा. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपन फायनलमध्ये फेडररने नदालच्या टॉपस्पिनपुढे दुसरी वाट धरली. मलाही तीच पटते, पण आधी सरळ पवित्रा अंगात मुरलेला हवा.

फटका मारताना डावा हात मागेच सोडा. तो पुढे आला की छाती उघडते आणि रॅकेट चेंडूला आडवी कापत जाते.

तपासायला मातीचं कोर्ट उत्तम. सरळ पवित्र्यात दहा चेंडू मारा आणि खाली वाकून उजव्या पावलाचे ठसे बघा. बुटाचं टोक नेट आणि साइडलाइन यांच्या साधारण मधोमध रोखलेलं असावं. ते साइडलाइनकडे झुकलं असेल तर पाऊल फार ओलांडून पडतंय: परतायला एक पाऊल जास्त लागेल. ठसे पायाने पुसा, डावा पाय आणखी थोडा लवकर रोवा आणि पुन्हा दहा मारा.