पाय भरले म्हणजे तयारी झाली, असं नाही

पोलीस भरतीचं ग्राउंड सुरू केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. वर्ध्याच्या हनुमान टेकडीवर पहिल्यांदाच जाऊन आलेल्यांचीही तीच गत. मग "दुखतंय म्हणजे लागू पडतंय" असं कुणीतरी सांगतं, आणि दुखायचं थांबलं की पोरं धास्तावतात.

कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा. हंगामाच्या पहिल्या चार दिवसांत कंबर धरते, पुढे तेवढी धरत नाही. ओटीत कापूस मात्र जास्त येतो. मजुरी काट्यावरच्या किलोंची मिळते, कंबरदुखीची नाही. व्यायामातलं दुखणंही शरीराला काम नवीन असल्याचं सांगतं. प्रगती किती झाली, ते त्यावरून कळत नाही.

काय करावे

- दुखण्याची वेळ बघा. साधं दुखणं व्यायामानंतर १२ ते २४ तासांनी सुरू होतं, एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं आणि आठवडाभरात ओसरतं. दोन्ही पाय साधारण सारखेच दुखतात.
- उतार बेताने वाढवा. टेकडी चढताना दम लागतो, पण मांड्या भरतात त्या मुख्यतः उतरताना. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. बैठकीत खाली जातानाही हेच घडतं.
- वही ठेवा. मुलांनी १६०० मीटरची वेळ, मुलींनी ८०० मीटरची; शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. महिन्याने आकडे ताडून पाहा. तयारीचा हिशोब तिथे मिळेल.
- तोच व्यायाम पुन्हा करा. दुसऱ्या खेपेला दुखणं कमी होतं, कारण स्नायू सावरून तयार झालेला असतो. ही सवय काही आठवडे टिकते. मोठा खंड पडला, तर पुन्हा थोड्यापासून सुरुवात.
- दुखत असताना हलकं चाला. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पाय भरले असतील, तर त्या दिवशी हातांचा व्यायाम घ्या.
- पोटभर जेवा, नीट झोपा. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यातलं परवडेल ते रोजच्या ताटात असू द्या. झोप सात-आठ तास.

काय टाळावे

- लॅक्टिक अॅसिडवर खापर फोडू नका. ते व्यायामानंतर साधारण तासाभरात निघून जातं. परवाच्या धावण्याने आज पाय दुखतात, त्यात त्याचा हात नाही.
- पैजेवर उठबशा काढू नका. पहिल्याच दिवशी शे-दोनशे काढल्या, तर पुढचे चार दिवस सराव बुडतो. कधी प्रकरण त्याहून गंभीर होतं.
- दुखावं म्हणून रोज नवा प्रकार करू नका. दुखेल खरं, पण १६०० मीटरची वेळ त्याने कमी होणार नाही.
- नुसत्या ताणण्यावर विसंबू नका. धावण्याआधी किंवा नंतर स्नायू ताणल्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं फारसं टळत नाही.
- वेदनाशामक गोळी खाऊन धावू नका. गोळी दुखापत झाकते. त्यात वर्ध्याचा मे महिना, पारा ४५ अंशांच्या आसपास, अंगातलं पाणी कमी झालेलं; अशा वेळी काही गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात.
- नडगीकडे दुर्लक्ष करू नका. डांबरी रस्त्यावर रोज धावणाऱ्यांची नडगी दुखते. हाडावर नेमक्या एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर बारीक चीर असू शकते. धावणं थांबवा, तपासून घ्या.
- धावताना अचानक आलेली कळ, सुजलेला सांधा, एकाच पायाचं दुखणं "होईल बरं" म्हणून अंगावर काढू नका. ही दुखापत असू शकते.
- लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी थांबू नका. स्नायूंची फार मोडतोड झाली की त्यातले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडावर भार टाकतात. सोबत स्नायू सुजलेले, पाय उचलवत नाहीत असं असेल, तर रात्रही जाऊ देऊ नका. सेवाग्राम असो की सावंगी, जवळचं मोठं रुग्णालय गाठा आणि किती उठबशा काढल्या, ते डॉक्टरांना खरं सांगा.