दुय्यम भूमिकांचा थोर नट : डेव्हिड अब्राहम चेऊलकर

स्नेहसंमेलनांत नाटक बसवावयाचें ठरलें म्हणजे राजाची भूमिका करण्यास दहा विद्यार्थी पुढें येतात. द्वारपालाची मात्र कोणासच नको असते. परंतु द्वारपालानें वर्दी दिल्यावांचून दरबार भरत नाहीं, ही गोष्ट आपण विसरतों. ज्या नटानें सारें आयुष्य दुय्यम भूमिकांत वेंचिलें आणि तरीहि लोकांच्या अंतःकरणांत स्थान मिळविलें, त्याचें चरित्र म्हणूनच अभ्यसनीय आहे.

डेव्हिड यांचा जन्म १९०९ सालीं ठाणें येथें बेने इस्राएल समाजांत झाला. बेने इस्राएल हे शेंकडों वर्षें कोंकणांत राहिलेले मराठीभाषी यहुदी होत. आपले पूर्वज अलिबागेजवळ जहाज फुटून किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. तेल गाळण्याचा धंदा करीत असतां शब्बाथ पाळून ते शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. गांवाच्या नांवावरून आडनांव घेण्याची कोंकणची रीत त्यांनींहि उचलिली. चेऊल ऊर्फ चौल या गांवावरून चेऊलकर हें आडनांव झालें.

डेव्हिड यांनीं मुंबईस शिक्षण घेऊन कायद्याचीहि पदवी मिळविली. तथापि त्यांचें मन अभिनयांत रमलें. १९३७ सालीं भवनानी यांच्या ‘झंबो’ या चित्रपटांत त्यांचा प्रवेश झाला. नायकास लागणारें रूप त्यांजपाशीं नव्हतें. बांधा ठेंगणा, मस्तक केशविरहित. पण या उणिवांबद्दल खंत न करितां त्यांनीं काका, शेजारी, वैद्य, स्नेही अशीं माणसें इतक्या जिव्हाळ्यानें उभीं केलीं कीं, तें ठेंगणें रूप हीच त्यांची ओळख ठरली.

त्यांच्या कीर्तीचा कळस म्हणजे १९५४ सालचा ‘बूट पॉलिश’ हा चित्रपट. भोला आणि बेलू या पोरक्या भावंडांस त्यांची चुलती भीक मागावयास लाविते. वस्तींतील जॉनचाचा मात्र त्यांस शिकवितो कीं, हात पसरूं नका, हातांनीं काम करा. मुलें पैपैसा सांठवून बुटांस पॉलिश करण्याचें साहित्य घेतात. परंतु हाच जॉनचाचा स्वतः चोरटी दारू विकून पोट भरतो आणि अखेर तुरुंगांत जातो. उपदेश निर्मळ आणि आचरण मलिन, अशी ही कठीण भूमिका होय. डेव्हिड यांनीं त्याचा दोष झांकला नाहीं आणि त्याचें प्रेमहि लटकें होऊं दिलें नाहीं. या भूमिकेबद्दल त्यांस सहायक नटाचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें.

पुढें ‘अभिमान’ (१९७३), ‘चुपके चुपके’ (१९७५) व ‘गोलमाल’ (१९७९) या चित्रपटांतून नव्या पिढीनेंहि त्यांस पाहिलें. यहुदी कुळांतील हा नट पडद्यावर कधीं ख्रिस्ती, कधीं हिंदु होई आणि प्रत्येक समाजास तो आपलाच वाटे. शंभरांहून अधिक चित्रपटांत त्यांनीं कामें केलीं. १९६९ सालीं सरकारनें पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. कॅनडांतील टोरांटो येथें त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, तालंतांचा दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकिला आहे. पांच तालंत मिळालेल्या दासानें आणि दोन तालंत मिळालेल्या दासानें आपापलें धन दुप्पट केलें, तेव्हां धन्यानें दोघांस सारखीच शाबासकी दिली. ज्यानें तालंत पुरून ठेविला, त्यालाच दोष लागला. आमच्या वाशिमसारख्या गांवांतील मुलांस पुष्कळदां वाटतें कीं, आपल्या वांट्यास थोडें आलें, त्याचें काय होणार? डेव्हिड यांच्या वांट्यासहि नायकपद आलें नव्हतें. यंदाच्या संमेलनांत द्वारपालाची भूमिका आपणांकडे आली तर ती नाकारूं नये. वर्दी अशी द्यावी कीं, राजा येण्यापूर्वींच सभा सावध व्हावी.