घटक ४ : परक्या गावातील बालपण – चित्रपट आणि भाषा

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• स्थलांतरित कुटुंबातील बालपण रेखाटणाऱ्या चित्रपटांचे भाषिक अंगाने विवेचन करता येईल.
• परकेपणा आणि भाषिक सत्ता या संकल्पनांतील फरक सांगता येईल.
• आपल्या परिसरातील बोलीकडे याच दृष्टीने पाहता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, नोकरी, व्यापार किंवा बदली यांमुळे कुटुंब गाव सोडते, तेव्हा निर्णय मोठ्यांचा असतो. नव्या गावाशी जुळवून घेण्याचे काम मात्र मुलांनाही करावे लागते. अशा बालपणावरील चित्रपटांत आपण बहुधा एकाकीपणा, मैत्री, निसर्ग यांकडे पाहतो. या घटकात आपण एक वेगळा प्रश्न विचारणार आहोत : नव्या ठिकाणी कोण कोणाची भाषा शिकतो? दोन चित्रपटांच्या आधारे हा प्रश्न समजून घेऊ आणि नंतर तो नागझिऱ्याच्या परिसराला लावून पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ ‘द रिव्हर’ : बंगल्यातील बालपण

ज्याँ रेन्वा या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘द रिव्हर’ हा चित्रपट १९५१ मध्ये प्रदर्शित झाला. तो रूमर गॉडन यांच्या १९४६ च्या कादंबरीवर आधारित आहे. गॉडन यांचे स्वतःचे बालपण बंगालमधील नारायणगंज येथे गेले. चित्रपटातील हॅरिएट ही इंग्रज मुलगी. तिचे वडील तागाच्या कारखान्याचे व्यवस्थापक असून कुटुंब नदीकाठच्या बंगल्यात राहते.

या चित्रपटात बंगालचे जीवन विपुल दिसते : घाट, होड्या, सण, पूजा. पण त्याचा अर्थ प्रौढ हॅरिएट आपल्याला इंग्रजीतून सांगते. नदीकाठच्या लोकांची भाषा शिकण्याची गरज तिला कधी पडत नाही. बंगल्याबाहेरच्या जगात मनापासून रमतो तो तिचा धाकटा भाऊ बोगी, कानू या स्थानिक मुलाच्या सोबतीने. नागाला वश करण्याच्या नादात बोगीचा मृत्यू होतो आणि नागाविषयी ठाऊक असूनही आपण गप्प राहिलो, ही बोच हॅरिएटला लागते. हॅरिएट परकी आहे, तरीही सत्ता तिच्या भाषेकडे आहे.

४.३.२ ‘किल्ला’ : भाषा एक, गाव दुसरे

अविनाश अरुण दिग्दर्शित ‘किल्ला’ (२०१४) या चित्रपटास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वडिलांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांचा चिन्मय शासकीय नोकरीतील आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. येथे देश बदललेला नाही, भाषाही मराठीच आहे. तरीही तो परका आहे. वर्गातील मुलांची एकमेकांशी असलेली सलगी त्याला परिश्रमाने मिळवावी लागते. गावाच्या रीतीने वागायला शिकायचे आहे ते त्याने, गावाने नव्हे. ती सलगी साधते, तोच आईची पुन्हा बदली होते.

हॅरिएटला भाषा शिकावी लागत नाही. चिन्मयला आपल्याच भाषेत नव्याने बोलू लागावे लागते. हा भेद सत्तेचा आहे, हे लक्षात घ्या.

४.३.३ नागझिऱ्याचा परिसर

नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. मराठी वाचकाला हे अरण्य व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ या पुस्तकामुळे परिचित आहे. माडगूळकर माणदेशचे, म्हणजे तेही पाहुण्याच्या नजरेतून झालेले लेखनच. या परिसरात झाडीबोली बोलली जाते. गोंडी, पोवारी आणि हिंदीही कानी पडतात.

समजा, पुण्याहून बदलून आलेल्या एका वनाधिकाऱ्याची मुलगी अभयारण्यालगतच्या गावातील शाळेत दाखल झाली. ती ‘पाणी’ म्हणते, बाकीची मुले ‘पानी’ म्हणतात. ती ‘काळा’ म्हणते, ती ‘कारा’ म्हणतात. मधल्या सुट्टीत ती एकटी पडते; तेथे ती चिन्मय आहे. घंटा होते, पाठ्यपुस्तक उघडते आणि तिचा उच्चार ‘शुद्ध’ ठरतो, इतरांच्या वहीवर लाल खूण उमटते. तेथे ती हॅरिएट होते. एकाच दिवसात एकच मूल दोन्ही भूमिका जगते.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने ‘पानी’ ही चूक नाही. प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येणे ही झाडीबोलीची नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे. प्रमाण भाषा प्रत्येक मुलाला यावी, कारण तिच्यावाचून अर्ज, परीक्षा आणि नोकरी अडते. पण ती घरच्या बोलीत भर घालणारी असावी, बोलीची लाज वाटायला लावणारी नव्हे. असे न झाल्यास, ज्या मुलाचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात आहे, ते मूल आपल्याच वर्गात परके होते. गाव न सोडताही घडणारे हे स्थलांतर कोणत्याही बदलीच्या आदेशात नोंदलेले नसते.

४.४ सारांश

परकेपणा केवळ अंतरावर अवलंबून नसतो. कोण कोणाची भाषा शिकतो, यावरून सत्तेची दिशा कळते. ‘द रिव्हर’मध्ये पाहुण्यांची भाषा वरचढ आहे, ‘किल्ला’मध्ये गावाची रीत, नागझिऱ्याच्या उदाहरणात वर्ग आणि अंगण यांत ही दिशा उलट होते.

४.५ स्वाध्याय

१. हॅरिएट आणि चिन्मय यांच्या परकेपणातील फरक सात-आठ ओळींत स्पष्ट करा.
२. ‘पानी’ या उच्चारास चूक म्हणणे अयोग्य का, ते सांगा.
३. क्षेत्रीय कार्य : बदलीमुळे तुमच्या गावी आलेल्या एका कुटुंबातील मुलाशी, पालकांच्या संमतीने, बोला. त्याने येथे शिकलेले पाच शब्द नोंदवा. तसेच त्याच्याकडून येथील मुलांनी कोणते शब्द उचलले, तेही विचारा. दुसरी यादी रिकामी राहिली, तर तिचे कारण लिहा.