रांग न्याय्य की चिठ्ठी? शिकार परवान्यांच्या सोडतीतून वाटपाचा धडा



वर्गात वस्तू कमी आणि मागणारे जास्त असले की पहिला प्रश्न येतो, "सर, मला का नाही?" या प्रश्नाचं उत्तर देताना आपण बहुतेक वेळा "चिठ्ठ्या टाकू" किंवा "रांगेत या" असं म्हणतो. पण यातलं न्याय्य काय? हे समजून घ्यायला आज जरा लांबचं, अमेरिकेचं एक उदाहरण घेऊया. पाचवी ते सातवीच्या मुलांना गणित आणि नागरिकशास्त्र एकत्र शिकवायला ते छान उपयोगी पडतं.

आधी थोडी माहिती

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे, हे मुलांना प्रथम स्पष्ट सांगा. अमेरिकेत मात्र ठराविक हंगामात, परवाना काढून शिकार करता येते. एल्क (सांबरापेक्षाही मोठं हरीण), मूस, डोंगरी मेंढा अशा प्राण्यांची संख्या पाहून प्रत्येक राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, की यंदा या भागात इतकेच प्राणी मारता येतील. तेवढेच 'टॅग' निघतात. एक टॅग म्हणजे एक प्राणी. परवान्याच्या शुल्कातून वन्यजीव खात्याचा बराच खर्च चालतो. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवर लावलेल्या कराचा पैसाही वन्यजीव संवर्धनाला जातो.

अडचण अशी, की चांगल्या भागातले टॅग मोजके आणि अर्ज भरमसाट. टॅग वाढवता येत नाहीत, कारण मग प्राणीच उरणार नाहीत. म्हणून सोडत काढावी लागते. म्हाडाच्या घरांची निघते ना, तशीच!

सोडतीच्या तीन पद्धती

१) निव्वळ चिठ्ठी : आयडाहो आणि न्यू मेक्सिको या राज्यांत गुणांची भानगड नाही. दहा वर्षं अर्ज करणारा आणि पहिल्यांदाच अर्ज करणारा, दोघांना सारखीच संधी.

२) रांग : नंबर लागला नाही की दरवर्षी एक गुण जमा होतो. ज्याचे गुण जास्त त्याला टॅग आधी. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या अर्जदारांसाठी एल्कचे ७५ टक्के टॅग असे गुणांवर जातात आणि २५ टक्के चिठ्ठीने.

३) जास्त चिठ्ठ्या : नेवाडात गुणांचा वर्ग करून त्यात १ मिळवतात, तेवढ्या संधी मिळतात. ३ गुण असतील तर ९ + १ = १०. १० गुण असतील तर १०० + १ = १०१. नवीन माणसाची एकच चिठ्ठी, पण तीही निघू शकते.

चला, गणित करूया

फळ्यावर लिहा : दरवर्षी टॅग १०, दरवर्षी नवीन अर्जदार ४०. ज्यांना टॅग मिळाला ते परत येत नाहीत, बाकीचे कोणी सोडून जात नाहीत.

रांगेच्या पद्धतीत पहिल्या वर्षीच्या ४० जणांना पुरे पडायला ४ वर्षं लागतात. दुसऱ्या वर्षी आलेल्यांची सुरुवात ५व्या वर्षी होते, तिसऱ्या वर्षीच्यांची ९व्या वर्षी. मग पाचव्या वर्षी आलेल्याचा नंबर? लवकरात लवकर १७व्या वर्षी! म्हणजे १२ वर्षं थांबायचं. दहाव्या वर्षी आलेल्याला कमीत कमी २७ वर्षं. तिथल्या शिकाऱ्यांची नेमकी हीच तक्रार आहे. दरवर्षी एक गुण वाढतो, पण टॅगसाठी लागणारे गुणही वाढत जातात. माणूस पुढे चालतो आणि दारही पुढे सरकतं.

आता चिठ्ठीची पद्धत. पाचव्या वर्षी एकूण अर्जदार होतात १६०. प्रत्येकाला संधी १६ मध्ये १. नवा मुलगा खूश. पण पहिल्या वर्षापासून थांबलेले आजोबा म्हणतील, "माझ्या थांबण्याला काहीच किंमत नाही का?"

दोघंही खरंच बोलतायत. मुलांना इथेच थोडा वेळ द्या. उत्तर सांगायची घाई करू नका.

मग न्याय्य काय?

मला यातून महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. कोणतीही पद्धत टॅग वाढवत नाही. पद्धत फक्त एवढंच ठरवते, की निराश कोणी व्हायचं. रांग उशिरा जन्मलेल्यांना निराश करते, चिठ्ठी धीराने थांबलेल्यांना. मागणी कमी असते तेव्हा रांग सगळ्यांनाच आवडते, कारण ती पुढे सरकत असते. मागणी वाढली की तीच रांग लहान मुलांसाठी बंद दरवाजा होते. म्हणून थोडे टॅग चिठ्ठीसाठी राखून ठेवणं मला योग्य वाटतं. मात्र जुना नियम एका झटक्यात मोडणंही बरोबर नाही. नियमावर विश्वास ठेवून ज्यांनी वर्षानुवर्षं पैसे भरून गुण जमवले, त्यांना दिलेला तो शब्दच असतो.

आणखी एक मुद्दा चर्चेला घ्या. न्यू मेक्सिकोत ८४ टक्के टॅग राज्यातल्या रहिवाशांना, १० टक्के व्यावसायिक वाटाड्यासोबत करार केलेल्यांना आणि ६ टक्के बाहेरच्यांना राखीव असतात. म्हणजे सोडत निघण्याआधीच अर्धा निर्णय झालेला असतो! पालकहो, आपल्या आरटीई प्रवेशाच्या सोडतीतही हे दिसतं. चिठ्ठी कुणाची निघेल हे नशीब, पण चिठ्ठी टाकायला पात्र कोण, हे नियम ठरवतो. आणि मागच्या वर्षी नंबर लागला नाही म्हणून यंदा जास्त संधी मिळत नाही.

वर्गात करून पाहा

- एका डब्यात सर्वांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका. बक्षीस म्हणून रोज ३ मुलांना वाचनकोपऱ्यातलं नवं पुस्तक आधी द्या.
- पहिला आठवडा निव्वळ चिठ्ठी. दुसऱ्या आठवड्यात ज्याचं नाव निघालं नाही त्याची रोज एक चिठ्ठी वाढवा.
- कोणाला किती वेळा मिळालं याचा तक्ता मुलांनाच करू द्या.
- शेवटी विचारा : तुमचं नाव डब्यात नेमकं कुठं आहे हे माहीत नसेल, तर तुम्ही कोणता नियम निवडाल?

या शेवटच्या प्रश्नावर मुलं आधी स्वतःच्या फायद्याचं बोलतात, मग हळूहळू दुसऱ्याच्या बाजूने विचार करू लागतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला 'समता' हा शब्द त्या दिवशी त्यांना खरा कळतो. उपक्रम जरूर घ्या आणि मुलांनी केलेले नियम वर्गाच्या भिंतीवर लावा.