भीड भिकेची बहीण

अगं, लिहायचं कसं हे मी तुला सांगणार नाही. ते ज्याचं त्याला सापडतं. पण लिहिलेलं कुठे द्यावं, काय घेऊन द्यावं आणि दिल्यावर आपल्या हातात काय उरावं, एवढं सांगण्याइतकी तुझी आत्या संपादकाच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसली आहे. आपल्याकडे कथेवर तासभर रंगून बोलणारा माणूस मानधनाचा विषय निघाला की चहा मागवतो. कागदवाला पैसे घेतो, छापखाना घेतो, बाइंडर घेतो, मुखपृष्ठाचा चित्रकार घेतो. लेखकानं मात्र 'छापलंत हेच खूप' म्हणून हात जोडायचे! हे सोवळं आधी सोड. बाकीचे कानमंत्र त्यानंतर कामाला येतील.

बाजार दिवाळी उरकल्यावर पाहावा

मराठी कथेला सगळ्यात मोठी मागणी दिवाळी अंकांची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही चाल पडली आणि आज दरवर्षी शेकडो अंक निघतात. नवा लेखक काय करतो? नावाजलेल्या चार अंकांचे पत्ते मिळवतो आणि एकच कथा चौघांना धाडतो. तू तसं करू नकोस. दिवाळी झाली की ग्रंथालयाची दिवाळी अंक योजना घे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 सालचं. अशा जुन्या संस्थांत आणि तालुक्याच्या वाचनालयांतही थोड्याशा वर्गणीत ढीगभर अंक चाळता येतात. मात्र वाचक म्हणून चाळू नकोस. वही घेऊन बस.

प्रत्येक अंकाला एक पान दे. कथा किती आहेत, साधारण किती शब्दांच्या आहेत, अनुक्रमणिकेतली किती नावं तुला अनोळखी आहेत, हे लिही. अनोळखी नावं जास्त असतील, तर तिथे नव्याला वाव आहे. सगळीच नावं मातब्बर असतील, तर तो निमंत्रितांचा अंक. तिथे आमंत्रणाशिवाय शिरणं कठीण. मग श्रेयनामावली वाच. संपादक म्हणून ज्यांचं नाव मोठ्या टायपात असतं, तेच टपाल उघडतात असं नाही. कार्यकारी संपादक, साहाय्यक, संपादन साहाय्य या बारीक ओळींतला माणूस तुझी कथा आधी वाचणार असतो. त्याचं नाव अचूक लिहून घे. आणि अंकाचा पिंड ओळख. 'आवाज' आणि 'जत्रा' विनोदाचे, 'धनंजय' आणि 'नवल' रहस्य-गूढाकडे वळलेले. तुझी आजारी सासऱ्यांवरची कथा कितीही चांगली असली, तरी ती विनोदी अंकाला पाठवलीस तर दोष संपादकाचा नाही.

कॅलेंडर मागून पुढे वाच

दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. अंक त्याच्या आधी दुकानात हवा. म्हणजे सप्टेंबरात छपाई, ऑगस्टात अक्षरजुळणी, मुद्रितं आणि चित्रं. मग कथा ठरायची कधी? पावसाळ्याच्या तोंडाशी. निमंत्रणाची पत्रं तर बऱ्याच ठिकाणी एप्रिल-मेमध्येच सुटतात. तेव्हा कथा उन्हाळ्यात तयार ठेव आणि जूनमध्ये पाठव. गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षीची समजावी.

पाठवताना फाइल युनिकोडमध्ये असू दे. जुन्या फाँटमधली फाइल पलीकडच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, आणि ते सरळ करत बसायला कुणाला वेळ नसतो. सोबत पीडीएफही जोड, म्हणजे जोडाक्षरं कशी हवीत ते कळतं. पत्र चार ओळींचं: कथेचं नाव, शब्दसंख्या, 'अप्रकाशित' हा शब्द, तुझी एका वाक्यात ओळख आणि फोन. कथेचं सार सांगू नकोस, आई-वडिलांच्या आशीर्वादाचा उल्लेख नको, आणि रंगीत अक्षरं तर मुळीच नकोत.

पूर्वी 'साभार परत' असं लिहिलेलं पाकीट यायचं. ते दुखायचं, पण कथा मोकळी झाल्याचं कळायचं. आता बहुतेक ठिकाणी नुसतं मौन असतं. दीड-दोन महिन्यांनी एक आठवण कर. तरी उत्तर नाही आलं, तर 'ही कथा मी आता दुसरीकडे देत आहे' असं कळव आणि मगच दे. एकाच दिवाळीत एकच कथा दोन अंकांत आली, तर दोन्ही दारं बंद होतात आणि ही बातमी आपल्या एवढ्याशा जगात फार लवकर पसरते.

आडवाटेची दारं सताड उघडी असतात

दिवाळी अंकाचा दरवाजा वर्षातून एकदाच उघडतो. तोवर इतर दारं वाजव. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या घे: 'लोकसत्ता'चं 'लोकरंग', 'महाराष्ट्र टाइम्स'चं 'संवाद', 'सकाळ'चं 'सप्तरंग'. तिथे कथेला जागा थोडी. पण हजार शब्दांचा नेटका ललित लेख किंवा अनुभव हवा असतो. पुरवणीत तुझं नाव दोनदा दिसलं की पुढच्या मे महिन्यात निमंत्रणाची शक्यता वाढते, कारण दिवाळी अंकांचे संपादक पुरवण्या वाचूनच नवी नावं टिपतात.

मुलांसाठी लिहायला कमीपणा मानू नकोस. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 सालापासून चालू आहे. मुलांची गोष्ट लिहिणारे पुष्कळ, पण नीट लिहिणारे थोडे, म्हणून संपादक अशा माणसाला धरून ठेवतात.

आकाशवाणीला विसरू नकोस. तिथे करारपत्र येतं, त्यावर रक्कम लिहिलेली असते, सही करायची असते. पहिल्यांदाच लेखणीचे पैसे घेणाऱ्याला ही शिस्त फार शिकवते. दहा मिनिटांच्या वाचनाला साधारण हजार शब्द लागतात. मोठ्यानं वाचून घड्याळ लाव. डोळ्यांना चालणारी लांब वाक्यं कानाला चालत नाहीत.

स्पर्धांचंही तसंच. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 1974 साली 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. तो टोपणनावाचा माणूस म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून घेतली होती. एवढ्या नावाजलेल्या शास्त्रज्ञालाही आपली कथा नावाच्या वजनाशिवाय टिकते का, हे पाहावंसं वाटलं. आपल्याकडे नावाचं वजन नाहीच, तेव्हा ज्या स्पर्धेत लेखकाचं नाव झाकून परीक्षण होतं, ती आपल्यासाठी सगळ्यात न्यायाची. पण नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाच. 'आलेल्या सर्व साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं वाक्य दिसलं, तर बक्षीस न मिळालेल्यांच्या कथाही गेल्या. तिथे पाठवायचं नाही.

पैसा कुणाकडून कुणाकडे जातो, ते बघ

हा मंत्र फोनवर चिकटवून ठेव. रोज कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप गटात आवाहन फिरतं: राज्यस्तरीय प्रातिनिधिक काव्यसंग्रह, निवडक कवींना संधी, प्रत्येकी दोन कविता, सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र, भव्य प्रकाशन सोहळा. सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'सहभाग शुल्क' असतं. आता हिशेब कर. कवी शंभर, प्रत्येकाचं शुल्क पाचशे, म्हणजे पन्नास हजार पुस्तक निघायच्या आधीच जमा. त्यातून छपाई, फेटे, शाली आणि आयोजकाचं उरलंसुरलं. हे पुस्तक विकायची गरजच उरत नाही, कारण गिऱ्हाईक म्हणजे तूच. आणि जे विकायची गरज नाही, ते कुणी वाचत नाही.

खरा संग्रह ओळखायच्या खुणा सांगते. संपादकाचं नाव आणि काम माहितीतलं असतं. तो निवड करतो, म्हणजे नाकारतोही. प्रकाशकाची पुस्तकं दुकानात दिसतात. तुझ्याकडून रक्कम मागत नाहीत. उलट मानधन नाही तर निदान प्रती देतात आणि परवानगी लेखी घेतात. साहित्य अकादमी, नॅशनल बुक ट्रस्ट, पाठ्यपुस्तकं यांच्या संकलनांत कथा गेली, तर ती वर्षानुवर्षं वाचली जाते. तिथे अर्ज करून जाता येतं असं नाही. मासिकांतून चांगलं छापून येत राहिलं की संपादक शोधत येतात.

पहिलं पुस्तक स्वतःच्या पैशानं काढायचा मोह होईल. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघ. मंडळ 1960 सालचं, पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. पहिल्या पुस्तकासाठीच ही योजना आहे. वेळ लागतो, पण हस्तलिखित तज्ज्ञांच्या नजरेखालून जातं, आणि तुझे दागिने कपाटात राहतात.

मानधन स्वीकृतीनंतर, छपाईआधी विचारावं

कथा पाठवतानाच रक्कम विचारणं उतावळेपणाचं, आणि अंक छापून आल्यावर विचारणं उशिराचं. कथा घेतल्याचं कळलं की त्याच दिवशी लिही: 'कथा घेतल्याबद्दल आभार. मानधन किती असेल, साधारण केव्हा मिळेल आणि अंकाच्या किती प्रती मिळतील, ते कळवावं.' बस. क्षमायाचना नको, 'गैरसमज नसावा' नको. चांगला संपादक या प्रश्नानं रागावत नाही; त्याला उत्तर तयारच असतं.

पैसे उशिरा येतात, त्यामागचं गणित समजून घे. दिवाळी अंक नुसत्या विक्रीवर तगत नाही, जाहिरातींवर तगतो. जाहिरातदार आपला हिशेब अंक निघाल्यावर चुकता करतात, मग लेखकांची पाळी. म्हणून नव्या वर्षात मानधन आलं तर ती फसवणूक नाही. पण मार्च उलटून गेला, तर एक सभ्य स्मरणपत्र, महिन्याभरानं दुसरं. पॅन आणि बँकेचा तपशील मागितला तर घाबरू नकोस. कर कापला असेल, तर तो तुझ्या पॅनवर जमा दिसतो का ते पाहा; उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून परत मागता येतो.

छापायला देतेस, विकून टाकत नाहीस

आपला कॉपीराइट कायदा 1957 सालचा. तू कुणाची नोकर म्हणून लिहिलेलं नसेल, तर कथेची पहिली मालकीण तूच. नोंदणी केली नाही तरी हक्क जात नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल, तर ती 5 वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारत. आणि वेगळं ठरलेलं नसताना हक्क घेणाऱ्यानं वर्षभर काहीच केलं नाही, तर तेवढा हक्क तुझ्याकडे परत येतो. हे लेखकाच्या बाजूचं आहे, पण कागद न वाचता सही करणाऱ्याला याचा उपयोग नाही.

म्हणून स्वीकृतीच्या उत्तरात एक ओळ घाल: 'ही कथा या अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे, इतर सर्व हक्क माझ्याकडे राहतील.' याच ओळीवर पुढची मिळकत उभी असते. कथा अंकात आली, मग रेडिओवर वाचली गेली, मग संग्रहात गेली, मग हिंदीत अनुवाद झाला, मग कुणी एकांकिकेसाठी मागितली. स्टोरीटेल 2017 साली भारतात आलं आणि मराठीत खास ऐकण्यासाठी मालिका लिहवून घेतल्या गेल्या. श्राव्य हक्क ही वेगळी वस्तू आहे, हे तेव्हा पुष्कळांना उमगलं. 'सर्व माध्यमांतील, कायमस्वरूपी' हे शब्द करारात दिसले, की तिथेच थांबायचं आणि कशासाठी हवंय ते विचारायचं.

दुसरी बाजूही ऐक. कथा फेसबुकवर किंवा एखाद्या ॲपवर टाकलीस, की बहुतेक संपादकांच्या लेखी ती प्रकाशित झाली. शंभर अंगठे मिळाले, पण दिवाळी अंक गेला. जे विकायचं आहे, ते आधी उघड्यावर ठेवू नये.

फुकट द्यायचं तर ठरवून द्यावं

सगळंच पैशात मोजू नकोस. पदराला खार लावून निष्ठेनं चालवलेली वाङ्मयीन नियतकालिकं आहेत. त्यांच्याकडे मानधन नसेल, तरी कथा वाचून तीन पानी पत्र लिहिणारा संपादक असतो. तिथे आनंदानं दे. शाळेच्या वार्षिकाला दे, मंडळाच्या स्मरणिकेला दे. मात्र वर्षाच्या सुरुवातीलाच ठरव: यंदा फुकट एवढंच. जिथे जाहिरातींची रंगीत पानं भरभरून आहेत आणि लेखकाला सांगताना मात्र 'मराठीची सेवा' आठवते, तिथे तुझी सेवा नको.

आणि ती वही पुढे चालू ठेव. कुठे पाठवलं, केव्हा, काय उत्तर आलं, किती ठरलं, किती मिळालं, हे सारं तारखेसह लिही. गुढीपाडव्याला वही उघडून बस. वेळेवर देणाऱ्यांना पुढची उत्तम कथा आधी. ज्यांनी कमी पण कबूल केलेलं दिलं, त्यांच्याशी संबंध जपायचे. ज्यांनी ठरवून दिलं नाही, त्यांच्या पानावर आडवी रेघ. भांडायचं नाही, चारचौघांत नाव घ्यायचं नाही. त्यांचं निमंत्रण पुन्हा येईल, अशा लोकांचं येतंच. तेव्हा छान अक्षरात एका ओळीत कळवायचं: यंदा जमणार नाही.